दूध कोणत्या खणात?

आठवीच्या चाचणीत एक प्रश्न होता : दूध हे कोणत्या प्रकारचे मिश्रण आहे, एका शब्दात लिहा. अपेक्षित उत्तर ‘कलिल’. एका मुलाने लिहिलं होतं ‘तिन्ही’. बायकोने लाल पेनाने फुली मारली आणि पेपर गठ्ठ्याखाली सारला. शेजारी चहा घेत बसलेल्या माझ्या धाकट्या भावाने तो परत वर काढला. बायको हायस्कुलात विज्ञान शिकवते, भाऊ दूध संघाच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. दोघांनीही बी.एस्सी.ला रसायनशास्त्रच घेतलेलं, आणि तेव्हापासून त्या विषयात दोघंही दुसऱ्या कोणाचं ऐकत नाहीत. मी कॉमर्सचा. या वादात मला मत विचारायची पद्धत आमच्या घरात नाही, म्हणून ते इथे देतो आहे.

“वहिनी, ह्या पोराचा मार्क कापू नका.”

“का बरं? द्रावण, निलंबन, कलिल असे तीन प्रकार शिकवले. त्यातला एक निवडायचा होता. ‘तिन्ही’ म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.”

“अंदाज असेल, पण बरोबर बसलाय. गाईच्या दुधात ८७ टक्के पाणी. त्यात लॅक्टोज, शंभर ग्रॅमला पावणेपाच ग्रॅमच्या आसपास, आणि ते पूर्ण विरघळलेलं. बरेचसे क्षारही विरघळलेले. हे झालं द्रावण. मग केसिन. त्याचे पुंजके साधारण ५० ते ३०० नॅनोमीटरचे. हे तुमचं कलिल. आता फॅटचे गोळे घ्या. सरासरी तीन-चार मायक्रॉन. कलिलाची वरची हद्द तुम्ही किती धरता?”

“एक मायक्रॉन.”

“मग फॅट हद्दीबाहेर. धार काढून आणलेलं दूध रात्रभर गार ठेवलं की ते वेगळं होऊन वर येतं. भरले तिन्ही खण.”

“वर येतं ना? निलंबनातलं तळाला बसतं.”

“दिशा बदलली म्हणून जात बदलत नाही, वहिनी. पाण्यापेक्षा जड असतं तर बसलं असतं.”

बायकोने पेनाचं टोपण लावलं. आता बोलणं लांबणार, एवढं मला त्यावरून कळलं.

“भाऊजी, तुम्ही मायक्रॉनची पट्टी घेऊन बसलात. माझ्या वर्गात सूक्ष्मदर्शक एकच, त्याचाही आरसा जागेवर राहत नाही. तेरा वर्षांच्या मुलाला मी नॅनोमीटर दाखवू शकत नाही. वागणूक दाखवू शकते. ठेवून दिलं तर गाळ बसतो का? फिल्टर पेपरवर काही उरतं का? टॉर्च मारली तर उजेडाची वाट दिसते का? तीन प्रश्नांत मीठपाणी, चुन्याची निवळी, ओढ्याचं गढूळ पाणी, साबणाचं पाणी, खळ, सगळं लावून होतं. जग खणांत बसत नाही हे त्यांना पुढे कळेलच. पण खणच दिले नाहीत, तर काय बसत नाही हे तरी कशावरून कळणार?”

हा मुद्दा मला पटला. धाकट्याला पटला असेल तरी त्याने तसं दाखवलं नाही. “मग मारा टॉर्च,” म्हणाला.

स्वयंपाकघरातला दिवा घालवला. काचेचे दोन पेले घेतले. एकात मीठ विरघळवलेलं पाणी, दुसऱ्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाचे चार थेंब. झोत बारीक यावा म्हणून मोबाइलच्या टॉर्चवर भोक पाडलेला पुठ्ठा धरला. दुधाच्या पेल्यात उजेड शिरला तसा आरपार एक दांडा उभा राहिला. बाजूने पाहिला तर निळसर. पेल्याच्या पलीकडून सरळ टॉर्चकडे पाहिलं तर तोच उजेड पिवळट, थोडा तांबूसच. मिठाच्या पेल्यात काहीच दिसायला नको होतं. पण दिसली, अगदी पुसट, धुरकट रेघ.

“आली का पंचाईत?”

“ती मिठाची नाही. नळाच्या पाण्यात जी बारीक माती येते तिची आहे. मीठ न घालता बघा, तेवढीच दिसेल.”

बघितलं. तेवढीच दिसली. बायको एक गुण पुढे. पण धाकट्याने दुधाचा पेला उचलला.

“आता हे निळं का, ते सांगा. उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा कण बराच लहान असला की तो निळा रंग जास्त विखुरतो, तांबडा सरळ निघून जातो. हे काम केसिनचं. फॅटचे गोळे मोठे, ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, म्हणून पांढरेपणा. सेपरेटरमधून फॅट काढून घेतलेलं दूध निळसर दिसतं ते ह्यामुळेच. म्हणजे दुधात दोन मापांचे कण आहेत हे तुमचा उजेडच सांगतोय. आणि तुम्ही पोराकडून एक शब्द मागताय.”

इथे माझं मत धाकट्याच्या बाजूने. प्रकार तीनच शिकवा, त्यात वावगं काही नाही. पण ‘एका शब्दात लिहा’ ही ओळ प्रश्नपत्रिकेत आली की मिश्रणाचाही एकच पदार्थ होऊन बसतो. बायकोने एवढं कबूल केलं की उद्या त्या मुलाला उभा करून ‘तिन्ही म्हणजे कोणकोणते?’ असं विचारीन, आणि सांगता आलं तर पूर्ण मार्क देईन. त्या मुलाचा विषय तिथे मिटला. वाद मात्र आता कुठे सुरू झाला होता, कारण तिने १८६१ साल काढलं.

“थॉमस ग्रॅहम काय करत होता? चामड्यासारख्या कागदाचा पडदा. एका बाजूला मीठ किंवा साखरेचं पाणी, दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी. मीठ-साखर पडद्यातून पलीकडे जाते. जिलेटिन, डिंक, अंड्यातला पांढरा बलक अलीकडेच राहतो. त्यावरून त्याने पदार्थांची दोन घरं केली : स्फटिक होणारे आणि कलिल. रेघ ओढली म्हणून तर सगळं पुढे सरकलं.”

“आणि ती रेघ चुकीच्या ठिकाणी होती. त्याला वाटलं ह्या पदार्थांच्या दोन जातीच आहेत. पण गंधक अल्कोहोलात विरघळतं, ते द्रावण. तेच पाण्यात ओतलं की पांढुरकं कलिल. मीठसुद्धा बेंझिनसारख्या द्रवात कलिल म्हणून तयार करता येतं. फॅरेडेने ग्रॅहमच्या चार वर्षं आधी, १८५७ साली, सोन्याचं माणकासारखं लाल पाणी दाखवलं होतं. सोनं तेच, धातू तोच, फक्त कण इतका बारीक की पिवळा रंगच गेला. कलिल ही पदार्थाची जात नाही, अवस्था आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे सगळ्यांनी मान्य केलं.”

“मान्य. जात चुकली. पडदा चुकला का? १९४३ साली हॉलंडमध्ये विलेम कोल्फने सॉसेज भरायची सेलोफेनची नळी घेतली, ती फिरत्या पिंपाला गुंडाळली आणि रोग्याचं रक्त तिच्यातून सोडलं. नळीबाहेर क्षारांचं पाणी. युरिया बाहेर गेला, रक्तपेशी आणि प्रथिनं आत राहिली. आज गावोगाव डायलिसिस सेंटर आहेत, तिथे ग्रॅहमचीच विभागणी चालते ना? त्याचा सिद्धांत मोडला तरी त्याच्या खणावर माणसं जगताहेत.”

धाकटा गप्प बसला. त्याने चहाचा कप उचलला, तो रिकामा होता.

बायको उठून पुन्हा चहा टाकायला गेली, आणि मधल्या वेळात त्याने मला एकट्याला गाठून युक्तिवाद पूर्ण केला. त्याचं म्हणणं असं : डायलिसिसमध्ये काय जातं आणि काय राहतं हे पडद्याच्या भोकांवर ठरतं. भोक मोठं केलं की काल ‘कलिल’ असलेलं लहान प्रथिन आज पलीकडे जातं. मग रेघ पदार्थात आहे की पडद्यात? मी म्हटलं, हे तिला सांग. तो म्हणाला, चहा होऊ दे.

चहा आला, पण मुद्दा बदलला. बायकोने त्याच्याच धंद्यावर हात घातला.

“तुमच्या केंद्रावर दुधाचे खण किती हो?”

“दोन. फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ. ३.५ आणि ८.५ ला धरून गाईच्या दुधाचा दर बोलतात.”

“म्हणजे केसिनही एसएनएफ, लॅक्टोजही एसएनएफ, क्षारही एसएनएफ. कलिल आणि द्रावण एकाच पोत्यात! आणि मोजता कसं?”

“प्रत्येक नमुना आटवून, वाळवून मोजायला वेळ कुणाला आहे? लॅक्टोमीटरची डिग्री बघायची, फॅट काढायचं, डिग्रीला चारने भागून त्यात फॅटचा ठरावीक हिस्सा आणि एक आकडा मिळवायचा. झालं एसएनएफ. आता बऱ्याच केंद्रांवर मशीन आहे, बटन दाबलं की आकडा येतो.”

“डिग्री म्हणजे घनता. मग कोणी दुधात पाणी घातलं, डिग्री उतरली, की वरून साखर टाकायची. घनता परत वर, एसएनएफ परत ८.५. बरोबर?”

“टाकतात.”

“का चालतं? कारण तुमच्या पोत्याला विरघळलेलं काय आणि तरंगतं काय यातला फरक कळत नाही. माझ्या आठवीच्या पोराला कळतो.”

धाकटा मनापासून हसला. एसएनएफवर त्याचाही जुना राग आहे. लॅक्टोमीटर आणखी एका प्रकाराने फसतो, तो त्याने स्वतःच सांगितला. फॅट पाण्यापेक्षा हलकं. साय काढून घेतली की डिग्री चढते, पाणी घातलं की उतरते. दोन्ही बेताने केलं तर काटा होता तिथेच. म्हणून नुसत्या लॅक्टोमीटरवर दूध घेणाऱ्याला तो ‘बघून सोनं घेणारा’ म्हणतो.

“पण साखरेचा रेसॉर्सिनॉल टाकून लाल रंग बघता येतो, युरियाचाही वेगळा रंग येतो,” तो म्हणाला. “आणि पाण्याला आमच्याकडे क्रायोस्कोप आहे.”

या यंत्रावर दोघांचं बोलणं सगळ्यात जास्त वेळ चाललं, आणि मला वाटतं वादाचा गाभा इथेच होता. क्रायोस्कोप दुधाचा गोठणबिंदू मोजतो. नळीत दोन-अडीच मिलिलिटर दूध घ्यायचं. यंत्र ते उणे ३ अंशांपर्यंत गार करतं, तरी ते गोठत नाही, द्रवच राहतं. मग आतली बारीक तार थरथरते, नळीत एकदम बर्फ धरतो, तापमान झरझर वर चढतं आणि एका आकड्यावर थबकतं. तो आकडा वाचायचा. चांगल्या दुधाचा तो उणे ०.५२ ते उणे ०.५५ च्या दरम्यान येतो. उणे ०.५४ च्या दुधात दहा टक्के पाणी मिसळलं की उणे ०.४९ च्या आसपास.

“आता गंमत बघा,” धाकटा म्हणाला. “गाय असो, म्हैस असो, साडेतीन फॅट असो की सात, आकडा जवळपास तोच. डिग्री बदलते, फॅट बदलतं, हा हलत नाही. कारण कासेत दूध आणि रक्त यांच्यामध्ये एक पातळ पडदाच आहे. दोन्ही बाजूंनी विरघळलेल्या कणांची संख्या सारखी ठेवावीच लागते, नाहीतर पाणी एका बाजूला ओढलं जाईल. लॅक्टोज कमी पडलं तर क्षार वाढतात. कासदाह झालेल्या गाईचं दूध खारट लागतं ते त्यामुळे. ह्या आकड्यातला निम्मा वाटा एकट्या लॅक्टोजचा, उरलेला बहुतेक क्षारांचा.”

“आणि फॅटचा?”

“शून्य.”

“केसिनचा?”

“जवळजवळ शून्य.”

बायको थांबली. इतका वेळ थांबली की तो सावध झाला.

“भाऊजी, म्हणजे दुधात पाणी आहे का हे ठरवायला तुम्ही असं यंत्र घेतलंत की ज्याला फक्त द्रावण दिसतं. कलिल दिसत नाही, फॅट दिसत नाही. माझी रेघ चुकीची असती तर हे यंत्र चाललं असतं का?”

“रेघ नाही, वहिनी. ते कण मोजतं, नग मोजतं. एका केसिनच्या पुंजक्यात हजारो रेणू असतात, पण गोठणबिंदूच्या हिशेबात तो एक नग. लॅक्टोजचा एकेक रेणू एकेक नग. तोच केसिन सुटा सुटा होऊन पाण्यात गेला तर थोडा थोडा दिसू लागेल. कुठेही कुंपण नाही. नग मोठे होत जातात, संख्या घटत जाते, परिणाम विरत जातो.”

“विरत विरत कितीपर्यंत?”

“आकड्याच्या तिसऱ्या दशांशाच्याही खाली.”

“मग तिसऱ्या दशांशाला मी कुंपण म्हणते.”

माझ्या मते शास्त्र धाकट्याच्या बाजूला आहे. कणांचं माप अखंड आहे, एका नॅनोमीटरला किंवा एका मायक्रॉनला निसर्गाने दगड रोवलेला नाही. पण रोजच्या कामाला येणारी रेघ तिथेच असते जिथे हाताशी असलेल्या यंत्राची नजर संपते, आणि बायकोला नेमकं तेच म्हणायचं होतं. फिल्टर पेपरची नजर कुठे संपते, टॉर्चची कुठे, पडद्याची कुठे, क्रायोस्कोपची कुठे. चार रेघा आहेत, आणि त्या एकमेकींवर तंतोतंत पडत नाहीत. आठवीच्या पुस्तकात त्या एकच असल्यासारख्या छापल्या जातात, एवढी माझी तक्रार. ती मी बोलून दाखवली. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं आणि पुढे सुरू केलं.

बायकोने लिंबाचा प्रश्न काढला. मापाने आणि वागणुकीने कलिल ओळखता येतं, पण ते तसंच का राहतं, गोळा का होत नाही? केसिनच्या पुंजक्यांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना दूर ठेवतात. ताज्या दुधाचा सामू ६.६ च्या आसपास. लिंबू पिळलं की तो उतरत जातो, भार कमी होतो, आणि ४.६ ला तो उरतच नाही. मग पुंजके एकमेकांना चिकटतात, फॅटला कवटाळतात, आणि फडक्यात पनीर उरतं. खाली गळतं ते हिरवट-पिवळं पाणी. ती हिरवट झाक रायबोफ्लेविनची, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाची. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यात तुरटी फिरवतात तेव्हाही हेच होतं. मातीच्या कणांवरचा ऋण भार ॲल्युमिनियमचे आयन मारतात आणि दिवसभर न बसलेला गाळ खाली जातो. यावर दोघांचं एकमत झालं, म्हणून ते लवकर संपलं.

मग धाकट्याने आपला हुकमी पत्ता टाकला.

“पिशवीवर होमोजिनाइज्ड लिहिलेलं असतं, ते दूध. ऑगस्त गोलँ नावाच्या फ्रेंच माणसाने १८९९ मध्ये ह्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, दुसऱ्या वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात यंत्र मांडलं. दूध जोराच्या दाबाने केसाएवढ्या फटीतून काढायचं. चार मायक्रॉनचा गोळा फुटून अर्ध्या मायक्रॉनचा होतो. वर येण्याचा वेग मापाच्या वर्गावर चालतो, म्हणजे ६४ पटींनी कमी. साय धरायला त्याला वेळच पुरत नाही. आता सांगा, गोठ्यातल्या दुधात फॅट कलिलाच्या हद्दीबाहेर होतं. त्यात काही घातलं नाही, काही काढलं नाही, आणि ते हद्दीत आलं. वस्तू बदलली का?”

“बदलली. फुटलेल्या गोळ्यांचं पृष्ठफळ किती वाढलं! नवीन पृष्ठावर चढायला केसिन आलं, दूध जास्त पांढरं दिसायला लागलं. वागणूक बदलली म्हणजे प्रकार बदलला. मी सकाळपासून काय सांगतेय?”

हा पत्ता हुकमी निघाला नाही. उलट तिच्याच हातात गेला. धाकट्याने दुसरा काढला, आणि तो खरंच अवघड होता.

“बरं, लोणी. विरजलेली साय घुसळायला घेतली. सुरुवातीला पाण्यात चरबीचे गोळे. घुसळता घुसळता गोळ्यांची आवरणं फाटतात, ते एकमेकांत घुसतात, आणि एका क्षणी उलटं होतं : चरबीत पाण्याचे थेंब. उन्हाळ्यात गार पाणी घातल्याशिवाय लोणी येत नाही, कारण गोळ्यातली थोडी चरबी घट्ट असावी लागते. तिचे स्फटिक आवरण फोडतात. सगळी चरबी पातळ असली तर गोळे नुसते आदळतात आणि निसटतात. आता हे लोणी. चरबी कमीत कमी ८० टक्के, पाणी जास्तीत जास्त १६ टक्के. आधी पायस, म्हणजे एका द्रवात दुसऱ्याचे थेंब, नंतरही पायस. तुमच्या तक्त्यात एकच खण. आणि साय ओतता येते, लोणी सुरीने कापावं लागतं.”

“तर मी खणाच्या आत विचारीन, कोण कोणात आहे? पाण्यात तेल की तेलात पाणी?”

“तो प्रश्न आठवीत नाही.”

“घालता येईल.” ती क्षणभर गप्प झाली. “थांबा. विकतच्या बटरमध्ये मीठ किती असतं?”

“दोनेक टक्के.”

“चरबीत मीठ विरघळतं?”

“नाही.”

“मग सगळं मीठ त्या १६ टक्के पाण्यात. शंभर ग्रॅम पाण्याला साडेबारा ग्रॅम. समुद्राचं पाणी साडेतीन टक्के खारं असतं, हे त्याच्या तिप्पट. चाखताना एवढं खारट लागत नाही, कारण भोवती चरबी आहे. पण थेंबाच्या आत जंतूची काय अवस्था होत असेल?”

“म्हणून तर टिकतं. शिवाय एका थेंबात अडकलेल्या जंतूला दुसऱ्या थेंबात जायला वाट नाही.”

“म्हणजे पायसाच्या थेंबाच्या आत द्रावण. आणि थेंब किती मोठे?”

“नीट मळलं असेल तर बहुतेक दहा मायक्रॉनच्या आत,” धाकटा म्हणाला. “पण एकाच वडीत एक मायक्रॉनचेही सापडतील आणि दहाचेही.”